‘हाच तो’ : ओळख परेडविषयी वाचकांचे प्रश्न

जुलै 2025 मध्ये मुंबई लोकल बॉम्बस्फोट खटल्यात उच्च न्यायालयाने सर्व आरोपींना निर्दोष ठरवले. तेव्हापासून प्रत्यक्षदर्शी साक्ष आणि ओळख परेड (साक्षीदाराने रांगेत उभ्या केलेल्या माणसांतून संशयिताला ओळखणे) यांबद्दल बरीच पत्रे आली. एकसारखे प्रश्न एकत्र करून, नावे गाळून येथे उत्तरे देत आहोत. ती सर्वसाधारण माहितीसाठी आहेत. चालू खटल्यात तुमच्या वकिलाने कागद पाहून दिलेला सल्लाच धरावा.

प्रश्न (कराड) : माझ्या पुतण्याला जबरी चोरीच्या गुन्ह्यात चार दिवसांपूर्वी अटक झाली. फिर्यादीत त्याचे नाव नाही, ‘दोन अनोळखी इसम’ एवढेच आहे. आता ओळख परेड घेणार म्हणतात. त्याने नकार द्यावा का?

नुसता नकार देऊ नये. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम 54 खाली (जुने 54-अ) पोलिसांच्या विनंतीवरून न्यायालय अटक झालेल्या व्यक्तीला परेडला उभे राहण्याचा आदेश देऊ शकते. परेडला उभे राहणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे, राज्यघटनेचे कलम 20(3) त्याच्या आड येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मुकेश सिंग खटल्यात 2023 मध्ये स्पष्ट केले आहे. कारण न देता नकार दिला तर ‘ओळखला जाईन म्हणून टाळले’ असा अर्थ न्यायालय काढू शकते.

साक्षीदाराला पुतण्या आधीच दाखवला गेला असेल तर गोष्ट वेगळी. मग हरकत नोंदवायची, आणि ती आत्ता नोंदवायची. दोन वर्षांनी उलटतपासणीत ‘मला ठाण्यात दाखवले होते’ असे सुचवले तर साक्षीदार ‘हे म्हणणे खोटे आहे’ एवढेच म्हणतो आणि विषय संपतो. त्याऐवजी पुढच्या रिमांडच्या तारखेला वकिलामार्फत लेखी अर्ज द्या : अटकेच्या वेळी चेहरा झाकला होता की नाही, ठाण्यात मोबाइलवर फोटो कोणी काढला, फिर्यादी किंवा त्याचे नातेवाईक ठाण्यात आले होते का, कोणत्या तारखेला आणि साधारण किती वाजता. तोंडी सांगावे लागले तर दंडाधिकाऱ्यांकडे विनंती करून ते रोजनाम्यात (न्यायालयाच्या त्या दिवसाच्या कामकाजाच्या नोंदीत) घ्यायला लावा. त्याच अर्जात ठाण्यातील सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याचा आदेश मागा. डिसेंबर 2020 च्या परमवीर सिंग सैनी निकालानुसार पोलीस ठाण्यातले चित्रण 18 महिने, ते शक्य नसेल तिथे किमान एक वर्ष ठेवायचे आहे. मागितले नाही तर ते पुसले जाते. ‘त्या दिवशी यंत्र बंद होते’ असे उत्तर आले तर तेही लेखीच घ्या, पुढे उपयोगी पडते.

स्थानिक वर्तमानपत्रात किंवा वाहिनीवर त्याचा उघड्या चेहऱ्याचा फोटो आला असेल तर तो अंक तारखेसह जपा. मोबाइलवरचे चित्र असेल तर दुव्यासह ठेवा. ते न्यायालयात दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र लागते. पुतण्याला सांगा, दाढी-मिशी, केस आहेत तसे राहू दे. मुद्दाम केलेला बदल उलटतो.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा 15100 वर फोन करा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही. पुष्कळ घरे ही पहिली पंधरा दिवसांची वेळ जामिनाच्या धावपळीत घालवतात आणि ओळखीच्या बाजूने काहीच कागद तयार होत नाही. जामीन पुन्हा मागता येतो, परेड मात्र एकदाच होते.

प्रश्न (परभणी) : परेड प्रत्यक्षात कशी घ्यायची असते? ती नियमाप्रमाणे झाली की नाही हे आम्ही कागदावरून कसे ओळखावे?

महाराष्ट्रात याची कार्यपद्धती मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रिमिनल मॅन्युअलमध्ये आहे. परेड कार्यकारी दंडाधिकारी घेतात, म्हणजे व्यवहारात बहुधा नायब तहसीलदार. आरोपी न्यायालयीन कोठडीत असेल तर ती कारागृहात होते. दोन पंच स्वतंत्र असावेत आणि ते परेड घेणाऱ्याने निवडावेत, तपास अधिकाऱ्याने गाडीत घालून आणलेले नसावेत. एका संशयितामागे निदान सहा इतर माणसे (यांना सगळे ‘डमी’ म्हणतात), दोन संशयित असतील तर दहा-बारा, आणि एका रांगेत सहसा दोनपेक्षा जास्त संशयित नकोत. डमी वयाने, उंचीने, अंगलटीने संशयिताशी मिळतेजुळते हवेत. रांगेत कुठे उभे राहायचे ते संशयित ठरवतो. कोणाबद्दल हरकत आहे का, हे त्याला विचारून लिहायचे. साक्षीदार एकेक करून आत येतो, परेडआधी संशयिताला किंवा त्याच्या फोटोला पाहिले आहे का हे त्याला विचारतात, आणि तो ओळखलेल्या माणसाला हात लावून दाखवतो. पुढचा साक्षीदार येण्याआधी संशयिताला जागा आणि कपडे बदलण्याची मुभा द्यायची. झालेला साक्षीदार न झालेल्यांत मिसळता कामा नये. शेवटी निवेदन (परेडचा लेखी वृत्तान्त) वाचून दाखवून सह्या.

आता कागद हातात घ्या आणि आधी डमींची यादी पाहा. नावासोबत वय, उंची, वर्ण लिहिला आहे का? नुसती नावे असतील तर ते मिळतेजुळते होते हे सरकार पक्ष कशावरून सांगणार? यात साधे गणित आहे. एक संशयित अधिक सहा डमी, म्हणजे काहीही आठवत नसलेल्या साक्षीदाराने अंदाजाने बोट ठेवले तरी सातात एकदा ते संशयितावरच पडणार. सहांपैकी तीन डमी पन्नाशीचे आणि संशयित बावीस वर्षांचा असेल तर ते तीन रांगेत असून नसल्यासारखे. मग अंदाज सातात एक राहत नाही, चारात एक होतो. साक्षीदाराने ‘डाव्या भुवईवर व्रण’ सांगितला असेल आणि रांगेत व्रण एकालाच असेल, तर परेड घेतली काय आणि न घेतली काय. अशा वेळी सगळ्यांच्या भुवईवर पट्टी लावायची असते. निवेदनात तशी नोंद शोधा.

दुसरे, वेळा पाहा. निवेदनात परेड सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ असते. चार साक्षीदार, प्रत्येकानंतर जागाबदल, कपडेबदल, लेखन आणि सगळे मिळून वीस मिनिटांत उरकलेले असेल तर त्यातल्या काही पायऱ्या फक्त कागदावर झाल्या आहेत. कारागृहाच्या प्रवेश नोंदवहीची प्रत मागवली की आत कोण कधी गेले हे कळते. तपास अधिकाऱ्याचे किंवा ठाण्यातल्या हवालदाराचे नाव त्याच वेळेला तिथे दिसले तर मोठा मुद्दा मिळाला. रामकिशन मिठनलाल शर्मा विरुद्ध मुंबई राज्य या लॉइड्स बँकेच्या दरोड्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्येच सांगितले की, पोलिसांनी घेतलेल्या परेडमध्ये साक्षीदाराने केलेली ओळख हा पोलिसांपुढचा जबाब ठरतो आणि तो पुरावा म्हणून वापरता येत नाही. पोलिसांनी पूर्ण बाजूला व्हायचे असते. ‘दाराबाहेर उभे होते’ हे बाजूला होणे नव्हे.

तिसरी गोष्ट मॅन्युअलमध्येच थोडी कच्ची आहे, असे आमचे मत. साक्षीदाराला बोलवायला बहुधा पंच जातो. संशयित कुठे उभा आहे हे त्याने नुकतेच पाहिलेले असते. परेड घेणाऱ्या अधिकाऱ्यालाही ते माहीत असते. कोणी मुद्दाम खूण करायला नको, साक्षीदार चुकीच्या माणसासमोर थबकला की ‘नीट बघा, घाई नाही’ आणि बरोबर माणसासमोर थबकला की शांतता, एवढे पुरते. म्हणून अनेक देशांत परेड चालवणाऱ्याला संशयित कोण हेच माहीत नसावे असा दंडक आहे. आपल्याकडे निदान अधिकाऱ्याने आणि पंचांनी साक्षीदाराच्या मागे, त्याच्या नजरेआड उभे राहावे. आणि ‘तुम्ही पाहिलेला माणूस या रांगेत असेल किंवा नसेलही’ हे वाक्य प्रत्येक साक्षीदाराला आधी सांगावे. ते न सांगितल्यास माणूस सर्वांत जास्त मिळताजुळता चेहरा निवडतो, कारण एवढी तयारी करून बोलावले म्हणजे पकडलेला माणूस खराच असणार असे त्याला वाटते.

प्रश्न (नाशिक) : साक्षीदाराचे आरोपीशी वैर नाही, लाभ नाही. तो शपथेवर ठामपणे ‘हाच तो’ म्हणतो. मग तो खोटे का बोलेल?

खोटे बोलत नाही, हीच अडचण आहे. खोट्या साक्षीदाराला उलटतपासणीत पकडता येते. प्रामाणिकपणे चुकलेल्या साक्षीदाराचे डोळे, आवाज, अंगावरचा काटा सगळे खरे असते. इंग्लंडमध्ये 1976 च्या डेव्हलिन समितीने आणि त्याच वर्षीच्या टर्नबुल निकालाने हेच बजावले : अनेक साक्षीदार ठाम असले तरी ते सगळे चुकलेले असू शकतात. अमेरिकेत डीएनए चाचणीमुळे निर्दोष ठरून सुटलेल्यांच्या खटल्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांशांत प्रत्यक्षदर्शीने चुकीचा माणूस ओळखला होता.

भीतीने चेहरा मनावर कोरला जातो, ही समजूत अनुभवाला पटते पण टिकत नाही. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चार्ल्स मॉर्गन यांच्या अभ्यासात लष्करी प्रशिक्षणातल्या पाचशेहून अधिक जणांना युद्धकैद्यासारखे ठेवून त्यांची चौकशी केली होती. चौकशी करणारा अर्ध्या तासाहून जास्त वेळ समोर, उजेडात. दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष रांगेतून त्याला ओळखायचे होते. सौम्य चौकशी झालेल्यांपैकी 62 टक्क्यांनी बरोबर ओळखले, धक्काबुक्कीची चौकशी सोसलेल्यांपैकी फक्त 30 टक्क्यांनी. हे तगडे, प्रशिक्षित सैनिक. शेतवस्तीवर मध्यरात्री कोयता घेऊन शिरलेल्यांना दहा मिनिटे पाहिलेल्या माणसाकडून आपण यापेक्षा जास्त अपेक्षा करतो. त्यातून हत्यार समोर असले की नजर हत्यारावर खिळते, चेहऱ्यावर नाही.

ठामपणाबद्दल गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफील्ड यांचा 1998 चा प्रयोग सांगण्यासारखा आहे. लोकांना एक धूसर चित्रण दाखवले, मग काही फोटो दाखवून त्यातला माणूस निवडायला सांगितले. खरा माणूस त्या फोटोंत नव्हताच, त्यामुळे प्रत्येकाची निवड चुकीची होती. काहींना नंतर फक्त एवढे म्हटले : ‘छान, तुम्ही संशयितालाच ओळखलेत.’ या एका वाक्याने त्यांची खात्री तर वाढलीच, शिवाय ‘मला चेहरा स्पष्ट दिसला होता’, ‘मी नीट लक्ष देऊन पाहिले होते’ अशी पूर्वीच्या पाहण्याबद्दलची सांगणीही बदलली. आपल्याकडे परेडहून बाहेर आल्यावर ‘बरोबर ओळखलंत काका’ असे म्हणणारा कोणी ना कोणी भेटतोच. त्यानंतर आरोपपत्र, तारखा, समन्स. न्यायालयात उभा राहतो तोवर साक्षीदाराला गुन्ह्याच्या रात्रीचा चेहरा आठवत नसतो, परेडमधला आठवत असतो, आणि त्याला स्वतःला हा फरक कळत नाही.

म्हणून पिंजऱ्यातला ठामपणा मोजू नका. पहिल्या जबाबात काय आहे ते पाहा : किती माणसे, किती अंतर, उजेड कसला, तोंडाला फडके होते का, वय-उंची-बोली काय सांगितली. पहिल्या जबाबात ‘अंधारात नीट दिसले नाही’ आणि न्यायालयात ‘विजेच्या उजेडात स्पष्ट पाहिले’ असेल, तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम 148 प्रमाणे तो भाग साक्षीदारापुढे ठेवून विसंगती सिद्ध करावी लागते. नुसते युक्तिवादात म्हणून चालत नाही, तपास अधिकाऱ्याच्या तोंडूनही ती वदवून घ्यावी लागते. उजेडासाठी दोन स्वस्त कागद आहेत : त्या रात्री वीजपुरवठा खंडित होता का याबद्दल महावितरणच्या कार्यालयाचे लेखी उत्तर, आणि पंचांग. वद्य त्रयोदशीच्या मध्यरात्री ‘चांदण्यात पाहिले’ असे साक्षीदार सांगत असेल तर चंद्रोदय किती वाजता होता हे दाखवा.

प्रश्न (डोंबिवली) : माझे मंगळसूत्र खेचून नेले. हवालदारांनी मला मोबाइलवर एका मुलाचा फोटो पाठवून ‘हाच ना मॅडम?’ असे विचारले. मला तसाच वाटला. आता परेडला बोलावले आहे. मी काय करू?

जा, आणि परेड घेणाऱ्या अधिकाऱ्याला सर्वांत आधी हे सांगा : ‘मला या तारखेला फोटो दाखवला होता.’ ते निवेदनात लिहून घ्यायला सांगा, वाचल्याशिवाय सही करू नका. हा संदेश मोबाइलमधून पुसू नका. यात तुमचा काही गुन्हा नाही. उलट हे लपवले आणि पुढे उघड झाले तर तुमची सगळी साक्ष डळमळते, मुलगा खरोखर दोषी असला तरी सुटतो. गिरीशन नायर विरुद्ध केरळ राज्य या 2022 च्या निकालात साक्षीदारांना आरोपी आधीच दिसले होते म्हणून परेडचा पुरावा सर्वोच्च न्यायालयाने बाजूला ठेवला.

रांगेसमोर उभ्या राहिल्यावर कोणाशी तरी जुळवायचेच असे ओझे घेऊ नका. ‘ओळखू शकत नाही’ हेही उत्तर आहे, आणि ते लिहिले गेलेच पाहिजे. एखादा अर्धवट ओळखीचा वाटला तर तसेच म्हणा : ‘चेहरेपट्टी तशी आहे, खात्री नाही.’ तुमचे हेच शब्द निवेदनात यावेत, ‘ओळखले’ असे गोळाबेरीज वाक्य नको. बाहेर बाकावर दुसरी साक्षीदार बसली असेल तर तिच्याशी आत काय झाले ते बोलू नका. शक्य असल्यास घटना घडल्याबरोबर, कोणाचाही फोटो पाहण्याआधी, आपल्याला जे आठवते ते तारीख-वेळ घालून एका कागदावर लिहून ठेवावे.

फोटो दाखवायचेच असतील तर ते एकटे दाखवू नयेत, सारख्या चेहऱ्यांच्या काही फोटोंत मिसळून दाखवावेत, आणि कोणते दाखवले हे नोंदवावे. पोलिसांना हे सांगून ठेवायला हरकत नाही.

प्रश्न (अहिल्यानगर) : परेड झालीच नाही. चार वर्षांनी साक्षीदाराने न्यायालयात आरोपीकडे बोट दाखवले. हे चालते?

कायद्याने चालते. ओळखीचा मूळ पुरावा म्हणजे न्यायालयातली ओळखच. परेड फक्त तिला दुजोरा देते (साक्ष्य अधिनियम कलम 7, जुने 9). परेड नसल्याने साक्ष आपोआप बाद होत नाही, असे मलखानसिंग विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या 2003 च्या निकालात आहे. पण वजन किती, हा दुसरा प्रश्न. अनोळखी माणसाला प्रथमच न्यायालयात ओळखणे हा मुळात दुबळा पुरावा, असे दाना यादव विरुद्ध बिहार राज्य (2002) सांगतो. आरोपी कठड्यात, शेजारी पोलीस : इथे ओळखायला उरतेच काय? साक्षीदार आरोपीला आधीपासून नावाने ओळखत असेल, गावातलाच असेल, तर मात्र परेड नसल्याचा मुद्दा लंगडा पडतो, त्यावर वेळ घालवू नका.

उलट बाजूही लक्षात ठेवा. परेडमध्ये ओळखणारा साक्षीदार न्यायालयात आलाच नाही, तर नुसत्या निवेदनावर शिक्षा होत नाही.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : भोकरदनच्या खटल्यात सहा जणांना फाशी झाली आणि नंतर सर्वोच्च न्यायालयानेच सोडले, असे वाचले. इतक्या वर कोणाच्याच लक्षात कसे आले नाही?

जालना जिल्ह्यातली ही घटना 5 जून 2003 च्या रात्रीची. शेतात राहणाऱ्या कुटुंबावर दरोडा पडला, पाच जण मारले गेले, अत्याचार झाले. वाचलेल्यांपैकी दोघे मुख्य साक्षीदार. भटक्या जमातीतल्या सहा गरीब मजुरांवर खटला चालला. 2006 मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. 2007 मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली, तिघांना जन्मठेप दिली. 30 एप्रिल 2009 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांचीही जन्मठेप वाढवून फाशी केली. म्हणजे तीन पायऱ्यांवर एकाही न्यायालयाला साक्षीदारांबद्दल शंका आली नव्हती.

कागदांत मात्र एक गोष्ट पहिल्यापासून होती. घटनेनंतर लगेच, आठवण ताजी असताना, वाचलेल्या महिलेने पोलिसांच्या अल्बममधून चार गुन्हेगारांचे फोटो ओळखले होते. ते चौघे या सहांतले नव्हते. त्या चौघांवर आरोपपत्र नाही, त्यांचे काय झाले याचा खुलासा नाही. पुढे त्याच साक्षीदारांनी परेडमध्ये आणि न्यायालयात या सहांना ओळखले, आणि ती दुसरी ओळख खरी धरली गेली. मृत्युदंडाच्या फेरविचार याचिका खुल्या न्यायालयात ऐकायच्या, या 2014 च्या निर्णयामुळे प्रकरण पुन्हा उघडले. 5 मार्च 2019 रोजी न्या. सिक्री, न्या. नझीर आणि न्या. शहा यांच्या खंडपीठाने सर्वांना निर्दोष सोडले, प्रत्येकाला पाच लाख रुपये देण्याचा, त्या चौघांविरुद्ध पुढील तपास करण्याचा आणि दोषी पोलीस अधिकारी शोधून कारवाई करण्याचा आदेश दिला. तोवर सोळा वर्षे गेली होती. त्यांतला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हेही दरम्यान निष्पन्न झाले.

‘लक्षात कसे आले नाही’ याचे आमच्या मते कारण असे की, न्यायालये ओळख शेवटाकडून वाचतात : आधी पिंजऱ्यातली साक्ष, मग परेड, आणि अटकेपूर्वीच्या दोन-तीन दिवसांतले कागद बहुधा कोणी उघडतच नाही. वाचायचे ते उलट क्रमाने. गुन्हा जितका भीषण, तितकी ही उलट वाचण्याची सवय गळून पडते, कारण जखमी साक्षीदारावर शंका घेणे निर्दयपणाचे वाटते.

आज असा खटला लढवणाऱ्यांसाठी एक हत्यार आहे. सरकार पक्ष ज्यांच्यावर विसंबत नाही अशा जबाबांची आणि कागदांची यादी आरोपीला दिली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2021 मध्ये फौजदारी खटल्यांतील त्रुटींबद्दलच्या आदेशात ठरवले आणि 2022 मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात त्यावर पुन्हा भर दिला. आरोपपत्राच्या प्रती मिळतात (नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 230 नुसार हजर झाल्यापासून 14 दिवसांत) तेव्हाच ही यादी लेखी मागा. तिच्यात अल्बम, रेखाचित्र, ‘ओळखू शकलो नाही’ म्हणणारा साक्षीदार, दुसऱ्या संशयितांची परेड असे काही आहे का ते आधी शोधा.

प्रश्न (ठाणे) : लोकल बॉम्बस्फोट खटल्यात परेड घेणाऱ्याची नेमणूक संपली होती म्हणून पुरावा गेला म्हणतात. एवढ्या तांत्रिक कारणावर?

तेवढेच कारण नव्हते. परेड घेणाऱ्या विशेष कार्यकारी अधिकाऱ्याला त्या वेळी तसा अधिकारच नव्हता, हे एक. पण उच्च न्यायालयाने त्याच निकालात स्मरणशक्तीचा प्रश्नही विचारला : ज्या टॅक्सीचालकांनी आरोपींना चर्चगेटला सोडल्याचे सांगितले ते शंभरहून अधिक दिवस गप्प होते. रोज अनेक प्रवासी नेणाऱ्याला त्यातलाच एक चेहरा लक्षात राहावा असे त्या फेरीत काय घडले होते? असे कारण साक्षीतून पुढे यायला हवे होते. 11 जुलै 2006 च्या त्या सात स्फोटांत शंभराच्या वर माणसे गेली, त्यामुळे राग समजू शकतो. राज्य सरकार अपिलात गेले आणि 24 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असा आदेश दिला, हे वकिलांनी ध्यानात ठेवावे.

घटना ते परेड किती दिवस चालतात, याला कायद्यात ठरावीक आकडा नाही. अटकेनंतर परेडला उशीर झाला असेल तर प्रत्येक आठवड्याचा खुलासा तपास अधिकाऱ्याकडून मागा.

प्रश्न (सोलापूर) : मला रस्त्यावरून बोलावून परेडमध्ये ‘डमी’ म्हणून उभे केले. साक्षीदाराने चुकून मला हात लावला. मला आता धोका आहे का?

नाही. त्याने एवढेच सिद्ध होते की तो साक्षीदार चुकू शकतो. मात्र ही चूक निवेदनात तुमच्या नावासह लिहिली गेली का, हे पाहा. ती आरोपीच्या दृष्टीने लाखमोलाची नोंद आहे आणि ‘पहिल्या प्रयत्नात गोंधळला, नंतर बरोबर ओळखले’ असे लिहून ती पुसट केली जाते. न्यायालयाने बोलावले तर घडले तसे सांगा.

प्रश्न (यवतमाळ) : भावाला केवळ एका साक्षीदाराच्या ओळखीवर सत्र न्यायालयाने सात वर्षे शिक्षा दिली. पुढे काय? तो सुटला तर गेलेल्या वर्षांचे काय?

एक साक्षीदार पुरतो का, याचे उत्तर कायद्यात ‘पुरतो’ असेच आहे, साक्षीदारांची ठरावीक संख्या लागत नाही. पण वडिवेलू थेवर विरुद्ध मद्रास राज्य (1957) या निकालाने एकाकी साक्षीदार पूर्ण विश्वासार्ह हवा, अधलामधला असेल तर इतर दुजोरा हवा, असे सांगितले आहे. अपिलात हाच गाभा. घरातून मिळालेला मुद्देमाल, बोटांचे ठसे, मोबाइलचे ठिकाण यांपैकी काही स्वतंत्र दुजोरा आहे का, आणि तपासात हे गोळा करता येत असून केले नाही का, हे वकिलाला मुद्देवार लिहायला सांगा.

सत्र न्यायालयाच्या शिक्षेवर उच्च न्यायालयात अपिलाची मुदत 60 दिवस, मृत्युदंड असेल तर 30. मुदत टळली असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत जोडता येतो. निकालाची प्रत तुरुंगातही मोफत मिळते, अपील तुरुंग अधीक्षकांमार्फत पाठवता येते. अपिलासोबतच शिक्षेच्या स्थगितीचा आणि जामिनाचा अर्ज (नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 430) करा, कारण अपिलाची पाळी यायला वर्षे लागतात. ठसे किंवा चित्रण तपासले गेलेच नसेल तर अपिलातही जादा पुरावा घेण्याची मागणी करता येते (कलम 432), पण ती का आधी केली नाही याचे पटणारे कारण द्यावे लागते. ‘भाऊ चांगला आहे, गावाचे दाखले आहेत’ अशा कागदांनी अपील जिंकत नाही, ते शिक्षेच्या प्रमाणापुरते.

भरपाईबाबत खोटी आशा दाखवणार नाही. चुकीने शिक्षा भोगलेल्याला हक्काने भरपाई देणारा कायदा आपल्याकडे नाही. विधी आयोगाने ऑगस्ट 2018 च्या 277 व्या अहवालात तशी तरतूद सुचवली, पण 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत ती आली नाही. कारण नसताना अटक करायला लावणाऱ्याकडून भरपाई देण्याचे जे कलम आहे (399), त्याची कमाल रक्कम आजही एक हजार रुपये आहे. उरतो तो उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात रिट याचिकेचा मार्ग. त्यात निव्वळ सुटका पुरत नाही. साक्षीदार चुकला एवढे दाखवून बहुधा काही मिळत नाही, पोलिसांनी पुरावा दडवला किंवा माहीत असून चुकीचा माणूस पुढे केला, असे कागदाने दाखवावे लागते. म्हणून सुटकेच्या निकालात तपासाबद्दल न्यायालयाने काय म्हटले आहे, तो परिच्छेद मिळावा यासाठी अपिलाच्या युक्तिवादातच वकिलाला तशी स्पष्ट मागणी करायला सांगा. निकाल लागल्यावर तो मागता येत नाही.